इंग्रजी वाक्यातला कॉमा आणि शब्दांची निवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींचे इंग्रजी अर्ज, ऑफिसचे ई-मेल आणि प्रबंधांची प्रकरणं मी बरीच वर्षं तपासून देते आहे. त्या निमित्ताने जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. तपासताना एक गोष्ट सतत दिसते. आपल्या बहुतेक चुका इंग्रजी येत नाही म्हणून होत नाहीत. इंग्रजी वाक्याच्या पोटात आपलं मराठी वाक्य तसंच शाबूत असतं, म्हणून होतात. ते मराठी वाक्य ओळखता आलं की दुरुस्ती आपली आपल्याला सुचते. म्हणून उत्तरांत शक्य तिथे आधी मराठी वाक्य दिलं आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. मोठ्याने वाचलीत की मूळ रूप लगेच डोळ्यांसमोर येईल.

१. कॉमा म्हणजे थोडं थांबायची खूण, असं शाळेत शिकवलं होतं. तेवढं पुरेसं नाही का?

नाही, आणि कितीतरी चुका याच व्याख्येतून होतात. 'कॉमा' हा शब्द मूळचा ग्रीक, अर्थ 'कापलेला तुकडा'. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमधल्या आल्दस मनुशियस या मुद्रकाच्या छापखान्यात त्याला आजचा आकडीसारखा आकार मिळाला. मजकूर मोठ्याने वाचायची रीत होती तोवर श्वासाचा हिशेब चालून जायचा. आजच्या इंग्रजीत मात्र कॉमा वाक्याची बांधणी दाखवतो: कोणता तुकडा कोणाला जोडलेला आहे आणि कोणता मध्येच घातलेला आहे. 'द बॉईज हू फेल्ड द टेस्ट लास्ट वीक मस्ट कम ऑन मंडे' हे वाक्य वाचताना 'वीक' पाशी दम लागतोच, तरी तिथे कॉमा येत नाही. का, ते प्रश्न ३ मध्ये.

२. मराठीतही स्वल्पविराम आहेच की. मग इंग्रजीत एवढं वेगळं काय आहे?

मराठीने ही चिन्हं इंग्रजीकडूनच घेतली. मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विरामचिन्हांची ओळख करून दिली आणि मग ती छापील मराठीत रुळली. त्याआधीच्या मोडी कागदात विरामचिन्हं तर सोडाच, दोन शब्दांत मोकळी जागाही नसायची, आणि तरीही अर्थ लागायचा. कारण मराठी वाक्याचे सांधे शब्दांतच असतात: जो-तो, जर-तर, की, म्हणून, शिवाय ला, ने, चा हे प्रत्यय. 'रामाने रावणाला मारलं' यातले शब्द कसेही फिरवा, मेला कोण यात शंका राहत नाही.

इंग्रजीत असे प्रत्यय जवळजवळ उरलेले नाहीत. शब्दाची जागा आणि कॉमा यांवर बराच भार असतो. म्हणून मराठीत जो स्वल्पविराम सोयीसाठी घातलेला असतो, तोच इंग्रजीत अर्थ ठरवतो.

३. 'द मॅन हू केम यस्टरडे, इज माय अंकल' यात कॉमा चुकीचा का? मराठीत तर तिथे येतो.

मला सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, आणि विचारणाऱ्याने दुखण्यावर अचूक बोट ठेवलं आहे.

पोटातलं मराठी वाक्य असं: 'जो माणूस काल आला, तो माझा काका आहे.' इथे दोन वाक्यं आहेत. 'जो' ने एक सुरू झालं, 'तो' ने दुसरं, आणि मधला स्वल्पविराम त्यांच्या सांध्यावर आहे. इंग्रजीत 'तो' नाही. 'द मॅन हू केम यस्टरडे' हा सबंध पाच शब्दांचा गठ्ठा म्हणजे कर्ता, आणि 'इज' हे त्याचं क्रियापद. कर्ता आणि क्रियापद यांच्यात एकटा कॉमा इंग्रजीत येत नाही, कर्ता कितीही लांबलचक असो.

उपाय मराठीतच आहे. जो-तो काढा आणि तेच वाक्य 'लेला' किंवा 'णारा' लावून म्हणा: 'काल आलेला माणूस माझा काका आहे.' आता 'माणूस' नंतर स्वल्पविराम द्यायला तुमचा हात उचलणारच नाही. इंग्रजी वाक्याची बांधणी या दुसऱ्या मराठी वाक्याच्या जवळची आहे.

नोटीस बोर्डावर हीच चूक रोज दिसते: 'स्टुडंट्स हू हॅव नॉट पेड द फीज, विल नॉट बी अलाउड.' म्हणजे 'फी न भरलेल्या विद्यार्थ्यांना', कॉमा नको. 'व्हॉट आय वाँट टू से, इज धिस' यातही 'मला जे सांगायचंय, ते हे' असं वाक्य दडलेलं आहे. तिथलाही कॉमा काढा.

४. 'ही सेड दॅट, ही वुड कम' मध्ये 'दॅट' नंतर कॉमा द्यायचा ना?

द्यायचा नाही. 'तो म्हणाला की, मी येईन' असं मराठीत लिहायची सवय अनेकांना आहे, आणि 'की' नंतरचा तो स्वल्पविराम जसाच्या तसा 'दॅट' नंतर जाऊन बसतो. इंग्रजीत 'दॅट' पुढच्या वाक्याला चिकटलेला असतो: 'ही सेड दॅट ही वुड कम.' बोललेले शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील तर 'दॅट' जातो, 'सेड' नंतर कॉमा येतो आणि अवतरणचिन्हं लागतात: 'ही सेड, "आय विल कम."'

कॉमापेक्षा मोठा धोका मात्र पुढे आहे. मराठीत 'की' नंतर बोलणाऱ्याचे शब्द न बदलता ठेवता येतात. 'तो म्हणाला की मी येईन' यातला 'मी' म्हणजे तोच, हे आपल्याला आपोआप कळतं. इंग्रजीत 'ही सेड दॅट आय विल कम' लिहिलंत तर येणार तुम्ही! साहेबांना पाठवलेल्या ई-मेलमध्ये 'द व्हेंडर सेड दॅट आय विल पे द पेनल्टी' असं वाक्य माझ्यासमोर आलं होतं. लिहिणाऱ्याच्या मनात दंड व्हेंडर भरणार होता, कागदावर तो स्वतः भरणार होता. 'दॅट' आला की 'आय' चा 'ही' करा आणि 'विल' चा 'वुड'.

अपवाद एकच: 'दॅट' नंतर लगेच मध्येच घातलेला तुकडा आला तर त्याच्या दोन्ही बाजूंना कॉमा चालतात. 'ही सेड दॅट, इफ इट रेन्ड, ही वुड नॉट कम.' या जोडीबद्दल प्रश्न ७ पाहा.

५. 'इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम.' दोन वाक्यं कॉमाने जोडली तर काय बिघडलं?

मराठीत काहीच बिघडत नाही. 'पाऊस होता, घरीच थांबलो' हे आपलं सहज, छान वाक्य आहे. इंग्रजीत ही चूक धरतात, आणि परीक्षक किंवा संपादक सगळ्यांत आधी हीच पकडतो. पूर्ण वाक्य पेलायची ताकद एकट्या कॉमात नाही, त्याला 'अँड', 'बट', 'सो', 'ऑर' अशा शब्दाची सोबत लागते: 'इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड होम.' किंवा पूर्णविराम द्या. दोन्ही वाक्यांचा संबंध घट्ट असेल तर अर्धविराम द्या.

अगदी आखूड, एका लयीतली वाक्यं असतील तर सूट आहे. सीझरचं 'आय केम, आय सॉ, आय कॉंकर्ड' कोणी दुरुस्त करत नाही. ऑफिसच्या ई-मेलमध्ये ही सूट घेऊ नये.

६. 'माय ब्रदर हू लिव्हज इन पुणे' आणि 'माय ब्रदर, हू लिव्हज इन पुणे,' यांत खरंच फरक आहे का?

आहे. भाऊ किती, हे त्या कॉमांवरून कळतं. कॉमा नसेल तर 'पुण्यातला भाऊ', म्हणजे आणखीही भाऊ आहेत आणि त्यांतला कोणता ते तुम्ही सांगताय. कॉमा असतील तर भाऊ एकच, आणि तो पुण्यात असतो ही जाता जाता दिलेली माहिती.

कसोटी सोपी आहे. 'हू' पासूनचा तुकडा झाकून वाक्य वाचा. कोणाबद्दल बोलताय ते तरीही पक्कं कळत असेल तर कॉमा द्या, गोंधळ होत असेल तर देऊ नका. मृत्युपत्रात 'माय डॉटर हू इज अ डॉक्टर' लिहायचं की कॉमा घालून लिहायचं, हा प्रश्न नुसत्या व्याकरणाचा राहत नाही. 'माय वाइफ, हू...' मध्ये कॉमा हवेतच.

वस्तूंबद्दल लिहिताना याच जागी 'दॅट' आणि 'विच' ची निवड येते. कॉमा असेल तर नेहमी 'विच'. कॉमा नसेल तर अमेरिकन संपादक 'दॅट' मागतात, ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात.

७. मध्ये घातलेल्या तुकड्याला एकच कॉमा दिला तर चालेल का?

चालणार नाही. कंस उघडला की मिटवावा लागतो, तसंच हे. 'माय फादर, अ रिटायर्ड टीचर लिव्हज इन सातारा' हे उघडलेलं दार आहे. 'टीचर' नंतर दुसरा कॉमा हवा. फक्त तुकडा वाक्याच्या टोकाला असेल तर पूर्णविरामच दार लावतो.

जोडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते यावर कॅनडात एक करार अडला होता. रॉजर्स या कंपनीने आपल्या केबलसाठी अलायंट कंपनीचे खांब भाड्याने घेतले होते. करार पाच वर्षांचा, त्यानंतर पुन्हा पाच-पाच वर्षांच्या मुदती, आणि मग कॉमा, आणि मग 'एक वर्षाची नोटीस देऊन रद्द केला नाही तर'. त्या कॉमामुळे 'पुढच्या मुदती' हा भाग दोन कॉमांच्या मध्ये सापडला आणि नोटिशीची अट सबंध कराराला लागली. म्हणजे पहिल्या पाच वर्षांतही करार मोडता येणार. २००६ साली तिथल्या दूरसंचार आयोगाने असाच अर्थ लावला. पुढच्या वर्षी कराराचा फ्रेंच मजकूर पाहून आयोगाने निकाल फिरवला, कारण फ्रेंचमध्ये ती संदिग्धता नव्हती.

८. 'टी, कॉफी अँड मिल्क' की 'टी, कॉफी, अँड मिल्क'? शेवटच्या 'अँड' आधी कॉमा द्यायचा की नाही?

दोन्ही बरोबर. हा 'ऑक्सफर्ड कॉमा'. ऑक्सफर्ड विद्यापीठाची प्रकाशनसंस्था आणि बहुतेक अमेरिकन पुस्तकप्रकाशक तो वापरतात. आपली इंग्रजी वर्तमानपत्रं आणि ब्रिटिश वृत्तपत्रं सहसा वापरत नाहीत. एक पद्धत धरा आणि सबंध मजकुरात तीच ठेवा. माझं मत विचाराल तर मी तो देते, कारण त्याने नुकसान क्वचित होतं आणि वाचवतो तेव्हा खूप वाचवतो. पुरस्काराच्या भाषणात 'आय थँक माय पेरेंट्स, प्रिन्सिपल मॅडम अँड द कोच' लिहिलंत तर मॅडम आणि कोच हेच तुमचे आईवडील, असाही अर्थ निघतो.

अमेरिकेतल्या मेन राज्यात या एका कॉमाने मोठी रक्कम हलवली. ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रक ड्रायव्हरांना ओव्हरटाइम मिळत नव्हता. कायद्यात ओव्हरटाइममधून वगळलेल्या कामांची यादी होती, आणि तिचा शेवट 'स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असा होता. 'ऑर' च्या आधी कॉमा नाही. ड्रायव्हर म्हणाले, याचा अर्थ 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग' असं एकच काम. आम्ही पॅकिंग करत नाही, माल पोचवतो, म्हणजे आम्ही यादीत नाहीच. २०१७ साली अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. न्यायालयाच्या निकालानंतर कायद्याची ती यादी अर्धविराम घालून नव्याने लिहिली गेली.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. १९७९ साली महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्यात औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या २७ व्या कलमातल्या 'सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल' या शब्दांचा कीस निघाला. 'स्टॉक्स' नंतर कॉमा नाही, म्हणून 'फॉर सेल' हे शब्द त्यालाही लागू होतात, असं न्यायालयाने धरलं. नुसता साठा असणं गुन्हा नाही, विक्रीसाठी साठा असणं गुन्हा. अर्थात याच न्यायालयाने १९५२ च्या एका निकालात असंही म्हटलं आहे की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्हांचं स्थान गौण असतं. म्हणून करार किंवा नियम लिहिताना सगळा भार कॉमावर टाकू नका. संशय आला तर वाक्यच बदला.

९. दोन विशेषणांच्या मध्ये कॉमा कधी?

मध्ये 'अँड' घालून आणि क्रम बदलून पाहा. दोन्ही जमलं तर कॉमा द्या: 'अ लाँग, टायरिंग जर्नी'. नाही जमलं तर नको: 'अ स्मॉल वुडन बॉक्स'. मराठी कान इथे भरवशाचा आहे. 'लांब आणि कंटाळवाणा प्रवास' चालतो, 'छोटी आणि लाकडी पेटी' खटकते.

१०. 'बिकॉज' च्या आधी कॉमा द्यायचा का?

सहसा नाही. पण आधीच्या भागात 'नॉट' असेल तर सावध राहा. 'आय डिड नॉट लीव्ह द जॉब बिकॉज द सॅलरी वॉज लो.' याचे दोन अर्थ होतात. मराठीत ते वेगळे ठेवायला काहीच कष्ट पडत नाहीत: 'पगार कमी होता म्हणून मी नोकरी सोडली नाही' आणि 'मी नोकरी सोडली ती पगार कमी होता म्हणून नव्हे'. कॉमा नसलेल्या इंग्रजी वाक्यातून बहुधा दुसरा अर्थ निघतो, म्हणजे नोकरी सोडली, पण कारण वेगळंच. 'जॉब' नंतर कॉमा दिला की पहिला निघतो. मुलाखतीच्या अर्जात असं वाक्य कॉमाच्या भरवशावर ठेवू नये, सरळ फोडून लिहावं.

११. 'इफ', 'व्हेन', 'ऑल्दो' ने सुरू होणाऱ्या वाक्यात कॉमा कुठे?

तो भाग आधी आला तर त्याच्या शेवटी कॉमा: 'व्हेन द बेल रिंग्ज, कम डाउन.' नंतर आला तर बहुधा नको: 'कम डाउन व्हेन द बेल रिंग्ज.'

खरी चूक कॉमाच्या पुढच्या शब्दात होते. जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा या आपल्या जोड्या आहेत, आणि एक आला की दुसरा आल्याशिवाय आपल्याला वाक्य लंगडं वाटतं. म्हणून 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट' लिहिलं जातं. इंग्रजीत एकच हवा, 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट'. 'व्हेन' नंतर 'देन' काढून टाका. 'इफ' नंतरचा 'देन' चूक नाही, पण बहुतेक वेळा नसला तरी चालतो.

१२. 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' च्या आधी कॉमा, की नंतर?

हे शब्द 'बट' आणि 'सो' सारखे वाटतात, पण दोन वाक्यं जोडायची ताकद त्यांच्यात नाही (प्रश्न ५). आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम, नंतर कॉमा: 'द रोड वॉज क्लोज्ड. हाउएव्हर, वी रीच्ड ऑन टाइम.' अपवाद: 'हाउएव्हर हार्ड ही ट्राइड' यात 'हाउएव्हर' चा अर्थ 'कितीही' असा आहे, तिथे त्याच्यानंतर कॉमा नाही.

१३. ई-मेलची सुरुवात 'हाय सर' अशी करायची की 'हाय, सर' अशी? शेवटी काय लिहायचं?

कोणाला उद्देशून बोलताना इंग्रजीत त्या नावाला कॉमाने वेगळं काढतात: 'थँक यू, मॅडम', 'यस, सर'. मराठीत 'मुलांनो', 'बायांनो' असा प्रत्ययच हाक मारतो. इंग्रजीत ते काम कॉमा करतो. 'कॉल मी, सर' म्हणजे 'सर, मला फोन करा'. 'कॉल मी सर' म्हणजे 'मला सर म्हणा'. वरिष्ठांना पाठवताना हा फरक नजरेआड करू नका.

'हाय सर,' मात्र रूढ झालं आहे, ते राहू द्या. 'डिअर सर' मध्ये 'डिअर' हे विशेषण आहे, म्हणून मध्ये कॉमा नाही, शेवटी आहे. 'रिस्पेक्टेड सर' हे आपल्या 'आदरणीय महोदय' चं रूप. भारतात चालतं, परदेशी पत्रात 'डिअर' पुरे. नाव माहीत नसताना 'डिअर सर' ने सुरुवात केली तर शेवट 'यूअर्स फेथफुली,' आणि नावाने केली तर 'यूअर्स सिन्सिअरली,' अशी ब्रिटिश रीत आपण पाळतो.

१४. तारीख, मोठे आकडे आणि अवतरणचिन्हं यांत कॉमा कुठे?

ब्रिटिश पद्धतीने '१५ ऑगस्ट १९४७' यात कॉमा नाही. अमेरिकन पद्धतीत महिना आधी आणि तारखेनंतर कॉमा येतो. आकड्यांत आपण लाख-कोटीचे कॉमा देतो, १,५०,०००. परदेशी कंपनीला पाठवायच्या कोटेशनमध्ये १५०,००० लिहा, नाहीतर समोरच्याला टायपिंगची चूक वाटते. अमेरिकेत कॉमा अवतरणचिन्हाच्या आत जातो. ब्रिटनमध्ये तो अवतरणाचा भाग नसेल तर बाहेर राहतो.

१५. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' यात चूक काय?

दोन चुका आहेत, आणि दोन्ही 'मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय' या वाक्यातून आल्या आहेत. मराठीत '२०१९ पासून' आणि 'पाच वर्षांपासून' दोन्हींना 'पासून' चालतं. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' आणि कालावधीला 'फॉर'. शिवाय 'करतोय' म्हणून 'ॲम वर्किंग' आलं. तेव्हा सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीला 'हॅव बीन वर्किंग' लागतं: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.'

१६. 'डिस्कस अबाउट', 'मॅरीड विथ', 'एक्सप्लेन मी' हे का चुकतं?

आपले प्रत्यय सोबत येतात म्हणून. 'त्याविषयी चर्चा' म्हणून 'अबाउट' येतो, पण इंग्रजीत थेट 'डिस्कस द प्लॅन'. 'त्याच्याशी लग्न' म्हणून 'विथ' येतो, हवा 'मॅरीड टू'. 'मला समजाव' म्हणून 'एक्सप्लेन मी', हवं 'एक्सप्लेन इट टू मी'. 'त्याच्यावर रागावली' म्हणून 'अँग्री ऑन', हवं 'अँग्री विथ'. यांना नियम नाही. क्रियापद पाठ करताना त्याच्या मागचा शब्दही सोबत पाठ करायचा, मराठी शिकणारा 'भेटणे' बरोबर 'ला' शिकतो तसाच.

१७. राहणे म्हणजे 'स्टे' की 'लिव्ह'? एका मराठी शब्दाला दोन इंग्रजी शब्द असले की कसं ठरवायचं?

कायमचं घर असेल तर 'लिव्ह'. चार दिवस मामाकडे किंवा हॉटेलात असाल तर 'स्टे'. 'आय स्टे इन ठाणे' आपल्याकडे सर्रास चालतं, पण बाहेरच्या माणसाला तुम्ही ठाण्याला पाहुणे वाटाल.

असेच इतर. बघणे: आपसूक दिसलं तर 'सी', मुद्दाम नजर टाकली तर 'लुक', हलतं काही लक्ष देऊन पाहिलं तर 'वॉच'. आठवण: आपली आपल्याला आली तर 'रिमेंबर', दुसऱ्याने करून दिली तर 'रिमाइंड'. उसनं घेणं 'बॉरो', देणं 'लेंड'. परीक्षा आपण देतो, इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो.

१८. 'आय विल कम टुडे ओन्ली' बरोबर आहे का?

हा आपला 'च' आहे. 'आजच येईन' मधला जोर 'ओन्ली' ने दाखवायची आपल्याला सवय आहे. बाहेरचा वाचक त्याचा अर्थ 'फक्त आज, नंतर नाही' असा लावतो. जोरच द्यायचा असेल तर 'टुडे इटसेल्फ' भारतीय कानाला ओळखीचं आहे. त्याहून स्वच्छ म्हणजे नुसतं 'टुडे'. 'ओन्ली' हा शब्द 'फक्त' या अर्थाने वापरायचा असेल तेव्हा ज्या शब्दाला लागू आहे त्याच्या शेजारी ठेवा. 'ओन्ली आय सॉ हिम' मध्ये पाहणारी मी एकटी, 'आय सॉ ओन्ली हिम' मध्ये दिसला तो एकटा.

१९. 'प्रीपोन', 'डू द नीडफुल', 'पासआउट', 'कझिन ब्रदर' हे शब्द चूक आहेत का?

मी त्यांना चूक म्हणत नाही. 'प्रीपोन' हा भारतीय इंग्रजीचा नेमका, उपयोगी शब्द आहे आणि तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. 'डू द नीडफुल' जुन्या ब्रिटिश दफ्तरी भाषेतून आपल्याकडे राहिलं. 'कझिन ब्रदर' मागे चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आहेत; नात्यातला 'भाऊ' आपल्याला सोडवत नाही, आणि ते मला समजतं.

प्रश्न वाचक कोण याचा आहे. 'आय पास्ड आउट इन २०२०' वाचून बाहेरच्याला तुम्ही बेशुद्ध पडलात असं वाटेल, तिथे 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'रिव्हर्ट' चा भारताबाहेरचा नेहमीचा अर्थ 'पूर्वीच्या स्थितीला जाणं', उत्तर देण्याला 'रिप्लाय' म्हणा. 'रिव्हर्ट बॅक' मधला 'बॅक' तर कुठेच नको.

२०. साध्या शब्दांपेक्षा भारदस्त शब्द वापरले तर छाप पडते ना?

उलट होतं. 'यूज' च्या जागी 'यूटिलाइज', 'बिगिन' च्या जागी 'कमेन्स' लिहून वाक्य जड होतं आणि त्या ओझ्याखाली व्याकरण घसरतं. ही सवय आपल्या सरकारी मराठीतूनही येते. 'केलं' न म्हणता 'करण्यात आले' म्हणतो, तसंच. साधा शब्द नेमका बसत असेल तर तोच ठेवा.

२१. कॉम्प्युटर चुकीखाली रेघ ओढतोच. मग हे सगळं शिकायचं कशाला?

स्पेलिंग आणि प्रश्न ५ मधली चूक तो बऱ्यापैकी पकडतो. पण तुम्हाला भाऊ किती, दंड कोण भरणार, नोकरी सोडली की नाही, हे त्याला माहीत नाही. प्रश्न ४, ६ आणि १० मधली वाक्यं व्याकरणाने निर्दोष असूनही खोटी ठरू शकतात, तिथे रेघ येत नाही.

२२. एक सबंध अर्ज दुरुस्त करून दाखवाल का?

नेहमी येतो तसा रजेचा अर्ज घेऊ. 'रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट दॅट, आय ॲम हॅविंग फीवर सिन्स टू डेज, माय मदर हू स्टेज विथ मी, इज ऑल्सो इल, देअरफोर काइंडली ग्रँट मी लीव्ह फॉर टुमॉरो ओन्ली अँड डू द नीडफुल.'

'बेग टू स्टेट' गेलं (प्रश्न २०), आणि त्याबरोबर 'दॅट' मागचा कॉमाही (प्रश्न ४). 'सिन्स टू डेज' चं 'फॉर टू डेज' झालं, 'ॲम हॅविंग' चं 'हॅव हॅड' (प्रश्न १५). 'डेज' नंतर नवं वाक्य नुसत्या कॉमाने जोडलं होतं, तिथे 'अँड' आला (प्रश्न ५). आई एकच, म्हणून 'हू' च्या आधीही कॉमा हवा. नंतरचा एकटा होता, त्याला जोडीदार मिळाला (प्रश्न ६ आणि ७). आई कायमची सोबत राहते, म्हणून 'स्टेज' च्या जागी 'लिव्हज' (प्रश्न १७). 'देअरफोर' ची गरजच उरली नाही, पूर्णविराम पुरला. 'ओन्ली' आणि 'नीडफुल' निघाले. उरलं ते असं:

'डिअर सर,
आय हॅव हॅड अ फीवर फॉर टू डेज, अँड माय मदर, हू लिव्हज विथ मी, इज ऑल्सो इल. प्लीज ग्रँट मी लीव्ह टुमॉरो.
यूअर्स फेथफुली,'